सातवा ग्लास

मी आयुष्यात दारूचा एक घोट घेतलेला नाही, आणि माझं पोट दारूवरच चालतं. हे वाक्य मी लग्नकार्यात मुद्दाम मोठ्याने बोलते. समोरच्या काकूंचा घास तिथेच थांबतो. मग मी सांगते की धारच्या पुढे मद्याचा एक कारखाना आहे, तिथे मी लॅबमध्ये आहे, केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलंय आणि माझं मुख्य काम वास घेण्याचं आहे. काकू जरा सावरतात आणि विचारतात, "पण वासाने चढत नाही का गं?" नाही चढत. मला राग तेवढा चढतो, आणि त्याला दारू लागत नाही.

आमचं घर देवासचं. पूर्वज दरबाराच्या कामाने इकडे माळव्यात आले आणि इथलेच झाले. दरबार गेला, मंदिरातलं काम तेवढं वडिलांपर्यंत पोचलं. चातुर्मासात आमच्याकडे कांदासुद्धा उंबरा ओलांडत नाही, तिथून मी दारूच्या कारखान्यात कशी गेले, असं सगळेच विचारतात. उत्तर वडिलांच्या नाकात आहे. कापरात भेसळ आहे, हे त्यांना पुडी सोडायच्या आधी कळतं. तूप कढवताना कोणी दोन मिनिटं दुसरीकडे बघितलं, तर ते ओसरीवरून ओरडतात. मला ते नाक मिळालं, आणि त्या नाकावरचा राग फुकटात मिळाला.

नोकरीचं पत्र आलं तेव्हा ते तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी पूजा आटोपून म्हणाले, "कंठाखाली एक थेंब जातां कामा नये, एवढें सांभाळ. बाकी विद्या ती विद्या." त्यांचं मराठी अजून त्यांच्या आजोबांच्या काळातलंच आहे. मी बरं म्हटलं, धारला खोली घेतली आणि शनिवार-रविवार देवासला जाऊ लागले.

आता कारखान्यातली एक गोष्ट सांगते, कारण सगळी मारामारी तिच्यावरून आहे. टाकीतला माल बाटलीत भरण्याआधी पाच जणांचं पॅनल बसतं. प्रत्येकापुढे ग्लास, ग्लासावर काचेचं झाकण. वास घ्यायचा, थोडी चव घ्यायची, थुंकायचं आणि कागदावर हो किंवा नाही लिहायचं. पाचांतल्या एकाने जरी 'नाही' लिहिलं तरी ती टाकी भरायची नाही, असा नियम आहे. मी सहा वर्षं त्या खोलीत काय केलं? ग्लास धुतले. झाकणं पुसली. सॅम्पलवर नंबर टाकले आणि खुर्च्यांच्या मागे भिंतीला टेकून उभी राहिले. माझ्या नाकाला काय वाटतं, हे विचारायची पद्धत नव्हती.

तिसऱ्या वर्षी रमची एक टाकी आली. झाकण ठेवतानाच मला ओल्या पोत्याचा वास आला, पावसाळ्यात ओलं राहिलेल्या गोणपाटाचा असतो तसा. मी म्हटलं, "याला पोत्याचा वास येतोय." पॅनलवरचे सर्वांत जुने गृहस्थ, ज्यांना अख्खा कारखाना नुसतं भिया, म्हणजे भाऊ, म्हणतो, ते मागे वळून हसले. "मैडम, बुरा मत मानना. पानी में पैर नी रखा और तैरना सिखाओगे?" पाचही कागदांवर हो लिहिलं गेलं. माल भरला, गेला आणि पंधरवड्यात परत आला. दुकानदार म्हणत होते, वास मारतोय. बाटल्या उघडून सगळी रम पुन्हा भट्टीवर चढवली. त्या दिवशीच्या मीटिंगमध्ये मॅनेजरसाहेब काय म्हणाले असतील? "लॅबने आधी लक्षात आणून द्यायला हवं होतं." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भिया खिडकीतून बाहेर बघत होते.

त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. पगार वाढला तर वाढू दे, नाही तर राहू दे. मला त्या पाचांतली एक खुर्ची हवी होती. माझं 'नाही' मोजलं जायला हवं होतं.

गेल्या चैत्रात पॅनलमधले एक जण निवृत्त झाले आणि खुर्ची रिकामी झाली. त्याच सुमाराला मालकांनी ब्रँडी आणि जिनही काढायचं ठरवलं आणि पॅनलच्या, लॅबच्या सगळ्यांसाठी दोन दिवसांचा वर्ग ठेवला: जगातल्या मद्यांची ओळख. शिकवायला बाहेरून एक बाई आल्या. साठीच्या, बारीक कापलेले केस, एका गुडघ्याला पट्टा. आयुष्यभर देशोदेशीच्या भट्ट्यांवर वास घेत फिरलेल्या. दुसऱ्या दिवशी परीक्षा, आणि ज्याचे सर्वांत जास्त बरोबर येतील त्याला रिकामी खुर्ची. भिया आणि बाकीचे तिघे खुर्चीत आधीच बसलेले होते, त्यांची परीक्षा नुसती मानाची. खरी परीक्षा लॅबमधल्या आम्हा सहा जणांची. पण भियांनी सगळ्यांदेखत सांगून ठेवलं, "जो मेरे से कम लाया वो मेरे बाजू में नी बैठेगा." आणि माझ्याकडे बघून वर जोडलं, "और जो पीता नी, वो तो रहने ही दो."

बाईंनी ऐकलं. वर्गात पहिलंच वाक्य टाकलं की मोठमोठे ब्लेंडर दिवसाला शंभर ग्लास तपासतात, ते जर गिळत बसले तर दुपारी त्यांना घरी उचलून न्यावं लागेल. सॅम्पलमध्ये पाणी घालतात आणि बहुतेक काम नाकाने करतात. जीभ शेवटी, शंका असेल तरच. मी भियांकडे बघितलं नाही. बघायची फार इच्छा होती.

तो पहिला दिवस मी जन्मात विसरणार नाही. सहा वर्षं बाटल्या हाताळून मला जे कळलं नव्हतं ते बाईंनी एका सकाळी समजावून दिलं. जगात कुठेही जा, दारू करायची रीत एकच. काहीतरी गोड घ्यायचं, किंवा पिठूळ घेऊन ते गोड करायचं. ते आंबवायचं. आंबवलेलं तापवायचं. दारू पाण्याच्या आधी उडते, ती वाफ धरायची आणि गार करायची. सुरुवातीला जे येतं ते फेकायचं, कारण त्यात डोकं धरायला लावणारे विषारी जिन्नस असतात. आपल्याकडे पहिल्या धारेची म्हणून जिचं कौतुक होतं तिच्यातला हा भाग. शेवटी येतं ते जड, तेलकट, वास मारणारं. तेही बाजूला काढायचं. मधलं ठेवायचं. मधलं नेमकं कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, हे ठरवणं म्हणजेच ही सगळी विद्या.

मग राहिला प्रश्न गोड काय घेतलं याचा, आणि तिथे प्रत्येक देश आपापल्या शेताकडे बघतो. द्राक्षं पिकतात तिथे ब्रँडी. ऊस पिकतो तिथे रम. थंड, ओल्या मुलखात बार्ली, तिची व्हिस्की. आणि जिथे लाकूड कमी तिथे दलदलीतली वाळलेली माती जाळून त्या धुरावर बार्ली सुकवतात, म्हणून त्या व्हिस्कीला चुलीजवळच्या घोंगडीसारखा वास. व्होडका धान्याची किंवा बटाट्याची. जपानात रताळ्याचीही करतात. चीनमध्ये तर ज्वारीची, जमिनीतल्या खड्ड्यात आंबवून. ज्वारी! मी मान वर करून बघितलं. ज्या ज्वारीची भाकरी आमच्याकडे थापतात तिचीच, आणि तिला वास मात्र पिकून सडायला आलेल्या अननसाचा. भूमध्य समुद्राच्या पूर्व काठचं अरबी जग दारूत बडीशेप घालतं; तिच्यात पाणी ओतलं की ती दुधासारखी पांढरी होते. जिनमध्ये एका डोंगरी झुडपाची फळं, देवदाराच्या लाकडासारखी हुंगायला. आणि मेक्सिकोत शेताच्या बांधावरच्या घायपाताची बहीण, तिचा गड्डा खड्ड्यात भाजून. मी वहीत भराभर लिहीत होते आणि मला शाळेत पहिल्यांदा प्रयोगशाळेत गेल्यावर झाला होता तसा आनंद होत होता. खरं सांगते, त्या दिवशी मी खुर्चीही विसरले होते.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी परीक्षा. प्रत्येकापुढे सात ग्लास, गडद निळ्या काचेचे, म्हणजे रंग दिसायला नको. प्रत्येक ग्लासाचं मूळ कशात आहे ते लिहायचं: द्राक्ष, ऊस, काय असेल ते. चव घ्यायची सक्ती नव्हती. मी भियांच्या शेजारच्याच टेबलावर होते.

पहिला ग्लास उघडला आणि मनुकांचं ताट समोर आल्यासारखं झालं. द्राक्ष. दुसऱ्यात धूर, बार्ली. तिसऱ्यात सडका अननस, तेव्हा मी मनातल्या मनात ज्वारीला नमस्कार केला. चौथ्यात बडीशेप, ती आमच्या गल्लीतलं पोरही सांगेल. पाचव्याला मला घाम फुटला. काहीतरी मऊ, उकडल्यासारखं. रताळं की तांदूळ? मी तांदूळ लिहिलं. सहावा ऊस. तोपर्यंत नाक थकलं होतं. स्पिरिटची टोच नाकात बसली की सगळे वास एकसारखे वाटायला लागतात.

सातवा उघडला. मातकट, थोडा धूर, थोडा हिरवा कच्चा वास. कालचं घायपात आठवलं. शेजारी भियांनी एकदाच हुंगलं, जिभेला लावलं, झटकन लिहिलं आणि पेन टेबलावर आपटून मागे टेकून बसले. मीही घायपात लिहिलं. पण मला ते पटत नव्हतं. त्या वासाच्या मागे आणखी एक वास होता आणि स्पिरिट त्याला पुढे येऊ देत नव्हतं. मी झाकण ठेवलं, काढलं. पुन्हा ठेवलं. बाई घड्याळाकडे बघायला लागल्या.

यानंतर जे झालं ते मी ठरवून केलेलं नाही. मी मंदिराच्या घरातली मुलगी आहे. जन्मल्यापासून रोज तीर्थ घेत आलेय. पातळ काही थोडंसं समोर आलं आणि मन ठिकाणावर नसलं की माझा उजवा हात आपोआप खोलगट होतो आणि डावा त्याच्या खाली जातो. तसाच गेला. म्हणजे डाव्या हाताने मी आधी ग्लास उचलून उजव्या तळव्यावर ओतला, मग डावा खाली नेला, आणि दोन्ही हात ओठांपर्यंत आले. तिथे मला वडील आठवले. थांबले. पण तीर्थ हातात घेतलं की ते परत भांड्यात ओतत नाहीत, जमिनीवर टाकत नाहीत. पिणं शक्य नव्हतं, तेव्हा हाताला पुढची पायरी माहीत होती. मी तळहात सरळ डोक्यावरून फिरवला. भांगापासून अंबाड्यापर्यंत.

खोलीत हशा फुटला. सगळे हसले. बाईही हसल्या. भिया तर खुर्चीतून घसरायचे राहिले. "मैडम ने तो परसाद ले लिया रे! शंख बजाओ कोई!" मला तोंडात मारल्यासारखं झालं. सहा वर्षं भिंतीला टेकून उभी राहिले आणि खुर्चीच्या दिवशी दारू डोक्याला लावून बसले. उठून जावं असं वाटलं. रडू लपवायला मी तोंड तळहातात घेतलं.

आणि तिथे तो होता.

तळहातावरची दारू उडून गेली होती. तिच्याबरोबर टोच गेली, धूर गेला, हिरवटपणा गेला. कातडीवर मागे राहिला होता तो एकच वास, गोड, जरा ओशट, उन्हात वाळणाऱ्या मनुकांना ओल्या गुळाचं बोट लावल्यासारखा. हा वास मी कोणत्याही वर्गात शिकले नव्हते. चैत्रात धरमपुरीच्या रस्त्याने बस घाट उतरते तेव्हा तो खिडकीतून आत येतो. बायका पहाटे झाडाखालची फुलं वेचतात आणि घरापुढे सारवलेल्या जागेवर पसरून ठेवतात. मोह. आमच्याकडे महुआ म्हणतात तो. मी दुसरा तळहातही हुंगला, खात्री केली. मग घायपात खोडलं आणि इतक्या जोरात लिहिलं की कागद फाटला.

बाईंनी उत्तरं वाचली. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. पाचवा रताळं, माझा चुकला, भियांचा बरोबर. सहावा ऊस. भियांचे सहाच्या सहा बरोबर होते, माझे पाच. मग बाईंनी टेबलाखालून बाटली काढली आणि उभी केली. परवान्याने बनवलेली, नीट लेबल लावलेली, आपल्याच राज्यातली. "सातवा ग्लास, महुआ. किसने लिखा?"

कोणीच हात वर केला नाही. मीही नाही, मी फाटलेला कागद सरळ करत बसले होते. बाई स्वतः कागद बघत माझ्यापाशी आल्या आणि फाटलेला कागद उचलून सगळ्यांना दाखवला.

भिया उठले. "महुआ? ये महुआ है?" त्यांनी ग्लास उचलला, नाकाला लावला, खाली ठेवला. हा माणूस धरमपुरीकडच्या गावचा. त्याच्या शेतात मोहाची झाडं आहेत, पोरवयात त्याने फुलं वेचली आहेत, आणि पुढे जे काही प्यायचं तेही प्यायला आहे. त्याने लिहिलं होतं मेक्सिको. परदेशी ट्रेमध्ये घरचं काही असेल असं त्याच्या मनातच आलं नव्हतं. खरं तर माझ्याही नव्हतं. माझ्या हाताने ओळखलं, एवढंच.

दोघांचे सहा-सहा झाले होते. बरोबरी. पण लॅबच्या उरलेल्या पाच जणांमध्ये चाराच्या वर कोणी नव्हतं, आणि भियांचा स्वतःचाच शब्द होता की त्यांच्याहून कमी आणणारा शेजारी बसणार नाही. मी कमी आणले नव्हते. बाईंनी सांगितलं की मेक्सिकोतल्या गावांमध्ये म्हातारे भट्टीवाले असंच करतात. दोन थेंब तळहातावर चोळतात, स्पिरिट उडू देतात आणि मागे काय उरतं ते हुंगतात. "डोक्याला मात्र नाही लावत," असं त्या मला मराठीत म्हणाल्या, तेव्हा कळलं की त्या आपल्यातल्याच. मॅनेजरसाहेबांनी माझं नाव पाचव्या खुर्चीपुढे लिहिलं. मी हसले, रडले, नाक शिंकरलं. इतकी खूश मी एम.एस्सी.च्या निकालाच्या दिवशीही नव्हते.

फक्त डोक्याचं काय करायचं हे कोणी शिकवलं नव्हतं. बेसिनवर साबणाने केस चोळले, पण बस निघायची होती. धारहून इंदूरपर्यंत शेजारची बाई आपली पिशवी उचलून उचलून खिडकीशी सरकत राहिली. इंदूरहून देवासच्या बसमध्ये कंडक्टरने तिकीट देताना दोनदा नाक ओढलं आणि हळू आवाजात विचारलं, "बेन, तबीयत तो ठीक है नी?" एरवी मी भांडले असते. त्या दिवशी मी अख्ख्या बसला ऐकू जाईल असं सांगितलं, "भिया, सिर में लगाई है, पेट में नी गई!" मागच्या सीटवर कोणीतरी टाळी वाजवली.

घरी पोचले तेव्हा वडील सांजपूजेच्या तयारीत, सोवळ्यात. मी उंबऱ्याबाहेरच थांबले. त्यांनी वातीला तूप लावता लावता मान वर केली. नाक हललं.

"काय लावून आलीस डोक्याला?"

मी सगळं सांगितलं. पाचवी खुर्ची, सात ग्लास, हात कसा खोलगट झाला, ओठापाशी कसा थांबला, मग डोक्यावरून कसा फिरला. त्यांनी तुपाची वाटी हातातच धरून सगळं ऐकलं. शेवटी एवढंच विचारलं, "ओठाला लागलें कां?"

"नाही."

"आणि हात डोक्यावरून फिरवलास. भर सभेंत."

"हो."

वडील हसायला लागले. तुपाची वाटी हातातून खाली ठेवावी लागली. मी त्यांना इतकं हसताना आई गेल्यापासून पाहिलेलं नव्हतं. हसता हसता म्हणाले, "तीर्थ घेण्याची शिस्त आम्ही लावली, तिचा उपयोग कुठे व्हावा!" मग डोळे पुसून म्हणाले, "बरें, आधीं न्हाऊन ये. मग ते बाकीचे सहा काय होते तें सांग."

त्या संध्याकाळी पूजेनंतर ओसरीवर बसून मी माझ्या वडिलांना जगातल्या मद्यांची ओळख करून दिली. ज्याने जन्मात दारूचं दुकान वाकून पाहिलेलं नाही त्या माणसाला. पहिली धार का टाकतात ते सांगितलं तर म्हणाले, "तुपावरचा पहिला फेंस काढतों तसें." बडीशेपेची दारू पाण्याने पांढरी का होते हे विचारलं, मी सांगितलं की बडीशेपेचं तेल दारूत विरघळतं पण पाण्यात नाही, पाणी वाढलं की ते बाहेर पडतं. त्यांना ते फार आवडलं, दोनदा सांगायला लावलं. रताळं आणि बटाटा ऐकून मात्र त्यांनी कपाळाला हात लावला. "अगे, उपासाचें अर्धें ताटच झालें कीं!" थोड्या वेळाने गंभीर होऊन विचारलं, "मग आतां तूं नाही म्हणालीस तर ते थांबतील?"

"नियम तर तसा आहे," मी म्हटलं.

"नियम काय, पुष्कळ असतात," ते म्हणाले. मला त्यांचा राग आला, कारण तेच माझ्याही मनात होतं.

महिन्याभराने माझी पहिली बैठक झाली. ब्रँडीची टाकी होती, आमची पहिलीच ब्रँडी. मालकांचं येणंजाणं, बाहेर ट्रक उभा, आणि खालच्या मजल्यावर बाटल्या भरण्याची लाइन सकाळपासूनच चालू. पॅनल बसायच्या आधीच. ही तिथली जुनी सवय होती. 'नाही' कधी कोणी लिहितच नसे, मग वाट कशाला बघायची? वर बसलो तरी बाटल्यांची खणखण पायाखाली ऐकू येत होती. मी पाचव्या खुर्चीत, भियांच्या शेजारी. ग्लास उघडला.

मनुका, थोडं लाकूड, छान. आणि त्याच्यामागे, अगदी आत, ओला पुठ्ठा.

मी पाणी घातलं, पुन्हा हुंगलं. तळहातावर दोन थेंब चोळले. यावेळी कोणी हसलं नाही. ओला पुठ्ठा तिथेच होता, माल गाळायच्या फिल्टरमध्ये बसवतात तसा. इकडे चौघांनी हो लिहून कागद उलटे केले होते. पहिल्याच दिवशी, पहिल्याच ब्रँडीला, चार विरुद्ध एक. मी 'नाही' लिहिलं आणि कागद पुढे सरकवला.

मॅनेजरसाहेबांनी कागद वाचला आणि भियांकडे बघितलं, माझ्याकडे नाही. म्हणाले, जरा पुन्हा बघून घ्या. भियांनी माझा ग्लास ओढला. हुंगला. पाणी घालून हुंगला. चव घेतली, थुंकले, डोळे मिटून बसले.

"मेरे को तो नी आ री बास," ते म्हणाले. साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात भियांनी टेबलावरचा फोन उचलला आणि खाली लाइनवर लावला.

"बंद करो. हां, अभी. फिल्टर खोल के देखो... किसने बोला? मैडम ने बोला." पलीकडून कोणीतरी काहीतरी विचारलं असावं. भियांचा आवाज चढला. "हां, अकेली मैडम ने. एक नी मतलब नी."

पायाखालची खणखण आणखी चार-सहा बाटल्या चालली, आणि मग थांबली.